कोणती प्रत ठेवायची?

दार उघडल्यावर काकू "या" म्हणाल्या नाहीत. "आज कशा काय, बाई?" असं त्यांनी विचारलं आणि बाईंचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर असाच राहिला. आज मंगळवार होता. मंगळवारी अकरा वाजता ती या घरी येत असे, गेले अकरा आठवडे. बोलणं हरवलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. कुणी तिला थेरपिस्ट म्हणत, कुणी बोलायला शिकवणाऱ्या बाई, आणि बहुतेक जण नुसतंच बाई. "आज मंगळवार ना," ती म्हणाली आणि पुरावा म्हणून तिने फोन पुढे केला. त्यात अकराच्या रकान्यात 'घड्याळवाले काका' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. काकूंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्हीच नव्हतं का कळवलं, मंगळवारचं सोमवारी केलंय म्हणून? काल नऊपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते हे. आरशापुढे ओठांचे व्यायाम केले. दीड वाजेपर्यंत जेवायला उठले नाहीत. आता कालपासून तोंड मिटून बसलेत, मला हूं की चूं नाही." काकूंच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. रागावल्या असत्या तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत पाठमोरे बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी एका दाराएवढ्या रुंदीच्या दुकानात मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. मान पुढे काढून बसायची सवय अजून गेली नव्हती. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात मांडीवर दुसऱ्याचा असल्यासारखा पडून असायचा. ती समोर जाऊन बसली, चित्रांची कार्डं काढली, पहिलं कार्ड टेबलावर ठेवलं. खुर्ची. काकांनी डाव्या हाताच्या एका बोटाने ते कार्ड हळूहळू सरकवत टेबलाच्या काठापर्यंत नेलं आणि खाली पाडलं. "काका, चूक माझी झाली," ती म्हणाली. काकांनी भिंतीकडे पाहिलं. काल अकरा वाजता आपण काय करत होतो? फोनमधला सोमवार कोरा होता म्हणून घरी पडदे धूत होतो. चांगले दोनदा पिळले, वाळत घातले, आणि मोकळी सकाळ मिळाली म्हणून स्वतःवर खूशही झालो.

चूक कुठे झाली ते तिला जिना उतरतानाच कळलं. मंगळवारी एक बैठक लागली होती, म्हणून तिने दवाखान्यातल्या संगणकावर काकांची वेळ बदलली, तिथूनच काकूंना फोन केला, आणि आपल्या फोनमध्ये मात्र बदल केला नाही. पुढे बैठकही रद्द झाली. फोन आणि संगणक यांची गाठ घालून द्यायला हवी होती, तार लावून, स्वतः बसून, आणि ते तिने तीन आठवड्यांत केलं नव्हतं. मुलीने शंभरदा सांगितलं होतं, "आई, अगं आपोआप होतं ते सगळं. एकदा खातं उघड, परवानगी दे, विसरून जा." पण विसरून जा हेच तिला नको होतं. कारण मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वीची तिची पेशंट. आयुष्यभर शुद्ध बोललेल्या त्या बाईंच्या तोंडात झटक्यानंतर फक्त शिव्या उरल्या होत्या. पाणी हवं असलं तरी शिवी, आभार मानायचे असले तरी शिवी. असं होतं कधी कधी, मेंदूत शिव्यांची जागा वेगळी असते. पण शिवी बाहेर पडली की बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि ती नोंद लिहायला लागली की त्या तिचं मनगट घट्ट धरायच्या. तेव्हा तिने त्यांना शब्द दिला होता की यातलं एक अक्षरही दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर जाणार नाही. मुख्याध्यापिका गेल्या, शब्द राहिला. म्हणून ती तार, म्हणून ते हाताने करणं.

दुपारी दवाखान्यात तिने दार आतून लावून घेतलं. एक टेबल, दोन खुर्च्या, उभा आरसा, फुंकर मारायच्या पिसांचा डबा, जीभ दाबायच्या काड्यांचं खोकं, आणि कोपऱ्यात सात वर्षं जुना संगणक, सुरू होताना कण्हणारा. पाच वाजेपर्यंत मोठ्या डॉक्टरांना काकांचा अहवाल पाठवायचा होता. नियमच तसा: अकरा आठवडे झाले की अहवाल, आणि प्रगती नसेल तर उपचार बंद, रांगेत एकोणीस माणसं ताटकळत होती. संगणकावरच्या ठरावीक फॉर्मात काकांची प्रगती शून्य दिसत होती, आणि तेही तिनेच भरलं होतं. दर शनिवारी काकांना दवाखान्यात आणलं की वीस चित्रं दाखवायची, किती ओळखली ते लिहून फॉर्म मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचा. वीसपैकी शून्य. वीसपैकी शून्य. वीसपैकी एक, आणि तोही बहुधा योगायोग. पण कार्डांपलीकडे काका बोलत होते, आणि ते सगळं फोनमध्ये होतं. प्रत्येक मंगळवारी त्यांच्या घरातून बाहेर पडल्यावर ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून अंगठ्याने लिहायची: 'आज बायकोला अगं म्हणून हाक मारली. काकू हातात झारा घेऊनच धावत आल्या.' 'पाणी मागायचं होतं, पान म्हणाले, स्वतःच मान हलवली, मग पाणी.' तेवीस शब्द झाले होते, तारीखवार. ते संगणकावर आणायचे, अहवालाला जोडायचे, एवढंच काम होतं. एकदा गाठ घातली की वेळाही जुळतील, असा तिने विचार केला. एका दगडात सगळं आवरायला गेली, असं मुलगी नंतर म्हणाली, आणि ते खरंही होतं.

तार तिसऱ्या खेपेला नीट बसली. फोनने विचारलं, या संगणकावर विश्वास ठेवायचा का? तिने होय म्हटलं. संगणकाने विचारलं, या फोनला ओळखता का? होय. मग दोघांनीही काही केलं नाही. तिने तार काढली, पुसली, पुन्हा लावली. पुन्हा विश्वास ठेवायचा का? आत्ताच तर ठेवला होता! होय, बाबा, होय. बऱ्याच वेळाने पडद्यावर एक पट्टी उगवली आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागली. तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. ती टेबलावर ताल धरत होती, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, टकटकटकटक. अशीच बोटं नवऱ्याची वाजायची. ती बोलताना एखाद्या शब्दाशी अडली, एखादं नाव आठवेना झालं, की समोर टकटकटकटक, आणि मग तिचं वाक्य तोच पुरं करून टाकायचा. बहुतेक वेळा चुकीचं. तिला म्हणायचं असायचं एक, आणि त्याच्या तोंडून बाहेर पडायचं त्याला ऐकायचं असलेलं. एकोणीस वर्षांनी ती त्या घरातून निघाली तेव्हा लोकांनी कारण विचारलं. मला वाक्यं पुरी करायची आहेत, असं कारण कुणाला सांगणार? आज नव्या मदतनीस मुली शिकायला येतात तेव्हा ती पहिला नियम हाच सांगते: पेशंटचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागो. थांबायचं. आणि ही थांबणारी बाई आता एका पट्टीपुढे दात-ओठ खात बसली होती. तिने हात मांडीखाली दाबून ठेवला.

पट्टी संपली आणि प्रश्न सुरू झाले. आधी माणसं. फोनमध्ये सहाशे अकरा माणसं होती, संगणकात चारशे अडतीस, आणि यंत्राला संशय होता की त्यातली बरीचशी एकच आहेत. दर वेळी दोन चौकटी शेजारी शेजारी उघडायच्या आणि खाली विचारायच्या: कोणती प्रत ठेवायची? संगणकातली माणसं जास्त नीटनेटकी होती, त्यांना पत्ते होते, म्हणून ती संगणकावरची प्रत निवडत गेली. दातांचे डॉक्टर, संगणकावरची. नळवाला, संगणकावरची. मुख्याध्यापिका, एका चौकटीत फोन नंबर, एका चौकटीत पत्ता. ठेवा की काढा असा पर्याय कुठेच नव्हता, फक्त कोणती. तिथे ती थोडा वेळ थांबली आणि मग संगणकावरची म्हणाली. पुढे 'घर' आणि 'घर' आलं. ही दोन्ही एकच आहेत असं दिसतं, असं यंत्राने लिहिलं होतं, आणि इतक्या खात्रीने लिहिलं होतं की ती मोठ्याने "नाहीत" म्हणाली. एक नंबर त्या घराचा होता, जिथे नवरा अजून राहतो. दुसरा आत्ताच्या दोन खोल्यांचा. बारा वर्षांत पहिल्याचं नाव बदलावंसं तिला वाटलं नव्हतं, की सुचलंच नव्हतं? बदलून काय लिहायचं? माजी घर? असं कुणी म्हणतं का? तिने दोन्ही ठेवा असं सांगितलं, तर यंत्राने त्यांना 'घर १' आणि 'घर २' अशी नावं दिली आणि ते जुनं घर पहिलं ठरवलं. तिच्या कानशिलात रक्त चढलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून, हे तिला कळत होतं, तरी चढलं.

कॅलेंडरचं तर हसंच झालं. सगळ्या वेळा दुहेरी झाल्या. बुधवारी दहाला एकच बाई दोनदा येणार होत्या, आणि काका सोमवारीही होते, मंगळवारीही. तिने एकेक पुसायला घेतल्या, तर एक पुसली की दुसरीही जायची. सव्वातीन वाजले. मुलीचा फोन आला, ऑफिसातून, चहाच्या सुट्टीत. "आई, तू अजून तारच लावून बसलीयेस?" मग ती म्हणाली, "थांब, मी सांगते तसं कर, आधी वरती..." आणि आईने ऐकून घेतलं नाही. "मला करू दे गं माझं मी!" असं ती ओरडली. मुलगी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. आपण असं ओरडायला नको होतं. पोरीने फक्त मदत करू म्हटलं होतं. पण तिच्या त्या थांब-मी-सांगते मध्ये कुणाचा तरी आवाज होता, आणि तो पोरीचा नव्हता.

शेवटी नोंदी आल्या. दोनशे चौदा. आणि पहिलीच काकांची. डावीकडे संगणक: 'सहकार्य कमी. चित्रांचं नामकथन शून्य. प्रगती नाही.' उजवीकडे फोन, त्याच आठवड्याची: 'आज नको म्हणाले. काकू चहात साखर दुसऱ्यांदा घालायला लागल्या तर हात वर करून, नको. दोनदा.' ती दोन्ही चौकटींकडे पाहत राहिली. एकच आठवडा, एकच माणूस, लिहिणारीही एकच. शनिवारी टेबलाशी बसून एक लिहिणारी आणि मंगळवारी पायरीवर बसून दुसरं लिहिणारी. आणि मोठ्या डॉक्टरांकडे अकरा आठवडे जात राहिली ती डावी बाजू. असं का केलं आपण? फॉर्ममध्ये साखरेचा रकाना नव्हता म्हणून? की साखर लिहिली तर डॉक्टर हसतील म्हणून? तिने फोनवरची प्रत निवडली. पुढची, फोनवरची. पुढची. मधे दुसऱ्या पेशंटांच्या, किराणाच्या, दुरुस्तीला टाकलेल्या चपलांच्या. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. खाली एक छोटी चौकट होती: यापुढच्या सगळ्या नोंदींना हेच उत्तर लागू करा. तिने त्या चौकटीत खूण केली, आणि मग बोट गेलं, दुपारभर सहाशे माणसांपायी सवय झालेलं बोट, ते आपसूक डावीकडे गेलं. संगणकावरची. होय. पट्टी आता मुंगीसारखी चालली नाही. सरळ धावली. नऊ-दहा सेकंदांत सगळं जुळलं आणि यंत्राने हिरव्या अक्षरांत तिचं अभिनंदन केलं.

तिने तार उपटली. त्याने काही होणार नव्हतं, पण उपटली. फोनमधल्या नोंदी उघडल्या. प्रत्येक मंगळवारावर आता शनिवार बसला होता. सहकार्य कमी. शून्य. शून्य. आणि जे तिने आधी वाचवलं होतं, त्या चाळीस नोंदींवरूनही दुसऱ्या फेरीत डावी बाजू फिरून गेली होती. ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. समोरच्या आरशात एक बाई तोंड किंचित उघडं टाकून बसली होती. संगणक दुरुस्त करणाऱ्याला तिने फोन लावला. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "आधीचा बॅकअप घेतला होता का, मॅडम?" "अहो, तोच घ्यायला बसले होते!" तो हसला नाही, हे त्याचे उपकार. फोन बंद करा म्हणाला, हात लावू नका, परवा घेऊन या, बघतो, पण फार आशा धरू नका. परवा. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. घड्याळात चार वाजत होते.

मग तिने एक कोरा कागद घेतला आणि आठवायला बसली. अगं. पाणी. नको. हे तीन तर लगेच आले. मग दार, बंद. एका वाऱ्याच्या दिवशी काका म्हणाले होते, दार, आणि बऱ्याच वेळाने, बंद. त्यानंतर काही येईना. तेवीस शब्द होते, आणि ती पाचावर अडली. तिला माहीत होतं की आहेत. जिभेच्या टोकाशी नव्हे, त्याच्याही मागे, एखाद्या बंद खोलीत माणसं कुजबुजत असावीत तसे ऐकू येत होते आणि कळत नव्हते. ती पेशंटना सांगते, घाबरू नका, वस्तूचा उपयोग आठवा, पहिलं अक्षर आठवा, हाताने करून पाहा. हे सांगणं किती सोपं आहे आणि किती उद्धट आहे! पेशंट तिच्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर तिला आता आतून कळली. माहीत आहे मला, त्या नजरेत असतं, मला माहीत आहे, फक्त हाती लागत नाही, आणि तू मला पहिलं अक्षर विचारू नकोस. तिने नाइलाजाने डोळे मिटले आणि काकांसारखी मान पुढे काढून बसली, उजवा हात मांडीवर टाकला, डावा हात उचलून डोळ्यांपाशी नेला, आणि अंगठा व बोट जवळ आणून काहीतरी बारीक धरलं. चष्मा. चष्मा म्हणाले होते ते, भिंगाचा, दुकानातला! आणि लगेच त्याच्यामागून स्प्रिंग. सात. साडेचारपर्यंत आठवा शब्द आला नाही.

तिने सात शब्द लिहिले, प्रत्येकापुढे काय घडलं ते लिहिलं, साखरेसकट. आणि खाली लिहिलं की याहून जास्त शब्द होते, त्यांच्या नोंदी माझ्या हातून पुसल्या गेल्या, आणि फॉर्ममधले शून्यही माझेच आहेत. हे शेवटचं वाक्य तिने तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. पाचला दहा मिनिटं असताना पाठवून दिलं, आणि पाच वाजून गेल्यावर दवाखान्याच्या जुन्या तारेच्या फोनवर मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "सात शब्दांवर तुम्ही मुदतवाढ मागताय?" "सात मला आठवतात. होते तेवीस." "आठवण हा काही पुरावा नाही हो." "माहीत आहे मला." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. तिला बोलावंसं वाटत होतं, समजावून सांगावंसं, त्यांचं वाक्य त्यांच्यासाठी पुरं करावंसं. ती गप्प राहिली. "साखरेचं अकरा आठवडे का लिहिलं नाहीत?" त्यांनी विचारलं, आणि आवाज थोडा वेगळा आला. "रकाना नव्हता," ती म्हणाली, आणि किती केविलवाणं उत्तर आहे हे तिला म्हणता म्हणताच कळलं. "सहा आठवडे देतो. पण यापुढे एकाच ठिकाणी लिहा." त्यांनी फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की परीक्षेत कुणी दया दाखवून पास केलंय. त्याच फोनवरून तिने मुलीला फोन लावला. ती उचलेना, म्हणून संगणकावरून निरोप पाठवला: मघाशी ओरडले. चुकलं. सात शब्द आठवले. मुलीचं उत्तर आलं, कसले शब्द? सगळं लिहून पाठवायला हवं होतं, पण तिच्यात त्राण नव्हतं. घरी येऊन सांगते, एवढंच तिने लिहिलं.

बुधवारी दहाच्या बाई, ज्या दोनदा येणार होत्या, एकदाही आल्या नाहीत. तेव्हा ती वेळ न ठरवताच काकांकडे गेली. काकूंनी दार उघडलं आणि या वेळी काही विचारलं नाही, नुसत्या बाजूला झाल्या. काका कालच्याच खुर्चीत होते. तिने कार्डं पिशवीतून काढलीच नाहीत. खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांना दिसतं तेच आपल्यालाही दिसेल अशी, खिडकीकडे तोंड करून. "काका, मी तुमचे शब्द घालवले," ती म्हणाली. आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. पेशंटशी बोलतात तसं सावकाश, तोडून तोडून नव्हे. कुणापुढेही मन मोकळं करावं तसं, भराभर, मधेच चिडून, मधेच स्वतःवर हसून. पडदे धुतल्याचं सांगितलं. तार तीनदा लावल्याचं सांगितलं, आणि विश्वास ठेवायचा का असं ते दोनदा विचारतं हेही. घर एक आणि घर दोन. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि ते आता एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला सांगताना अजिबात अवघड गेलं नाही. काकांची मान हळूहळू वळली. बिघाडाची गोष्ट होती ना. चाळीस वर्षं लोक दुकानाच्या फळीवर कोपर टेकून त्यांना बिघाडाच्याच गोष्टी सांगत आले होते, कसं पडलं, कुठे अडकतं, कधीपासून मागे पडतंय. ती छोट्या चौकटीपर्यंत आली, यापुढच्या सगळ्यांना हेच उत्तर, आणि तिथे ती थांबली.

"मग?" काका म्हणाले.

तिला आधी वाटलं, काकू बोलल्या. पण काकू स्वयंपाकघराच्या दारात हाताने तोंड झाकून उभ्या होत्या. हा शब्द कुठल्याच कार्डावर नव्हता. त्याचं चित्र काढता येत नाही. तिचा हात सवयीने पिशवीकडे गेला, फोन बंद आहे हे आठवलं, कागद शोधावा की पेन, तारीख कोणती, रकाना कोणता, आणि ती शोधत असतानाच काकांनी डाव्या हाताने तिच्या मनगटावर टिचकी मारली. "मग?" या वेळी मोठ्याने, वैतागून, गोष्ट अर्ध्यावर सोडणाऱ्या माणसावर कुणीही वैतागतं तसं.

तिने पिशवी सोडून दिली.

"मग ना, काका," ती म्हणाली, "बोट माझंच होतं. मी होय म्हणाले."